बारा हजारांचं रनिंग वॉच, पाच महिने वापरून (आणि मध्येमध्ये ललिता बाबर)

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही. पट्ट्यावरून कस्टमर केअरशी माझी मेलामेली अजून चालू आहे, ती मिटेपर्यंत नाव नको. तसंही आमच्या ग्रुपमधल्या तिघींकडे तीन वेगवेगळ्या कंपन्यांची याच किमतीची घड्याळं आहेत आणि खोड्या जवळपास सारख्याच आहेत, त्यामुळे दहा ते पंधरा हजारांत काही घ्यायचा विचार असेल तर हे वाचलेलं वाया जाणार नाही.

पाडव्याच्या ऑफरमध्ये ११,४९९ ला घेतलं. गोल डायल, उजव्या बाजूला दोन बटणं, बाकी सगळं टच. जीपीएस आहे, मनगटावर हार्ट रेट आहे, झोप मोजतं, ताण मोजतं, पाणी प्या म्हणून आठवण करतं, मी बसून राहिले की "उठा" म्हणतं (ते काम घरात आधीच एकजण करते). नवरा म्हणाला तुला धावायला घड्याळ कशाला लागतं, रस्ता तर तोच आहे. खरं कारण त्याला सांगितलं नव्हतं, इथे सांगते. मला ऑलिंपिकला गेलेल्या ललिता बाबरच्या वेगाने एक तरी लॅप, म्हणजे ४०० मीटरची एक फेरी, मारून बघायचा होता, आणि तो वेग नक्की किती असतो ते अंगावर घेऊन बघायचं होतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या माणमधली, दहिवडीची. ललिता मोहीची, म्हणजे आमच्याच तालुक्यातली, वयानेही माझ्याहून फार लांब नाही, ती १९८९ ची. शाळेत असताना मीही ८०० आणि १५०० पळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले, तिथे आठवी की नववी आले आणि विषय संपला. माणदेश म्हणजे काय ते साताऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की आमच्याकडे पाऊस आला तर बातमी होते. तर त्या गावातली मुलगी पुढे पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारायच्या शर्यतीत ऑलिंपिकच्या फायनलला गेली, हा विनोद आमच्याकडे वडीलधारी माणसं अजून करतात आणि दरवेळी स्वतःच हसतात.

बरं, घड्याळ.

पहिली गोष्ट जीपीएस, कारण पैसे त्याचेच आहेत. रस्त्यावर चांगलं आहे. मोकळ्या आकाशाखाली दहा सेकंदांत सिग्नल पकडतं, सोसायटीच्या दोन टॉवरच्या मध्ये उभं राहिलं तर मिनिटभर घेतं आणि मग नकाशात मला चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून पळवतं, पण ते चालायचंच. नेहमीच्या ५ किलोमीटरच्या रस्त्यावर कधी ४.९७ कधी ५.०४ येतं, मला मान्य आहे. घोळ मैदानावर होतो. आमच्या इथे एका शाळेच्या मैदानावर मातीचा ४०० मीटरचा ट्रॅक आहे, स्पोर्ट्स डे च्या आधी फक्की मारतात तेव्हा रेषा दिसतात, एरवी अंदाजाने. रेषा ताज्या होत्या तेव्हा आतल्या लेनमधून मोजून १० लॅप मारले, म्हणजे ४ किलोमीटर, घड्याळ म्हणालं ४.१३. म्हणजे लॅपमागे १३ मीटर जास्त. वळणावर जीपीएसचे ठिपके इकडेतिकडे पडतात आणि ते जोडताना त्याचा हिशोब गडबडतो. महागड्या मॉडेलमध्ये ट्रॅक रन नावाचा वेगळा मोड असतो, तुम्ही लेन सांगायची, ते लॅप बरोब्बर धरतं, आमच्यात तो नाही. (लेन सांगायची का, तर बाहेरच्या लेनचा लॅप लांब असतो म्हणून, चौथ्या लेनमधून एक फेरी मारली तर ४२० च्या वर जाते. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी इतकी वर्षं बाहेरून पळून "आज दम का लागला" म्हणत बसले नसते.)

आता १३ मीटर म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटलं होतं. मग कविता राऊत आठवली. नाशिककडची, सावरपाड्याची, सावरपाडा एक्स्प्रेस. २०१० च्या ग्वांगझू एशियन गेम्समध्ये १०,००० मीटर, २५ लॅप, आणि शेवटी केरळची प्रीजा श्रीधरन ३१:५०.४७, कविता ३१:५१.४४. सोनं आणि रुपं दोन्ही आपलंच, पण दोघींमध्ये ०.९७ सेकंद. त्या वेगाला एका सेकंदात सव्वापाच मीटर कापले जातात, म्हणजे दहा किलोमीटर पळून फरक पडला पाच मीटरचा, एक बाजूला लावलेली मोठी गाडी म्हणा. आणि माझं घड्याळ एकाच लॅपमध्ये तेरा मीटर इकडचं तिकडे करतं. २५ लॅपमध्ये सव्वातीनशे मीटर खाईल. तर ट्रॅकवर ज्यांना खरंच वेळ मोजायचीय त्यांनी जीपीएसच्या पेसकडे (किलोमीटरला किती मिनिटं लागतायत तो आकडा) बघूच नका, खालचं बटण लॅपचं आहे, ते दर फेरीला रेषेवर स्वतः दाबा, नाहीतर साधा स्टॉपवॉच. मी आता तेच करते. म्हणजे बारा हजार देऊन बटण दाबते. असो.

कविताचंच अजून एक, कारण ते या घड्याळाच्या दुसऱ्या एका फीचरशी जोडलेलं आहे. त्यात "ट्रेनिंग स्टेटस" म्हणून एक पान आहे, तुम्ही सुधारताय, टिकून आहात की घसरताय ते तीन शब्दांत सांगतं. जरा हळू पळलं की लगेच "घसरण". एकदा मी मुद्दाम सासूबाईंबरोबर टेकडीवर गेले, त्यांच्या वेगाने, तर दुसऱ्या दिवशी माझी घसरण. आता २०१० सालच्या ऑक्टोबरात दिल्लीला कॉमनवेल्थमध्ये कविताने हेच १०,००० मीटर ३३:०५.२८ मध्ये पळून ब्राँझ घेतलं, कॉमनवेल्थमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय बाई. आणि त्यानंतर साधारण सहा आठवड्यांत ग्वांगझूला ३१:५१. फरक ७३.८४ सेकंद. ग्वांगझूच्या तिच्या वेगाने एक लॅप होतो साडेशहात्तर सेकंदांचा. म्हणजे ग्वांगझूची कविता आणि दिल्लीची कविता एकत्र पळाल्या असत्या तर ग्वांगझूवालीने दिल्लीवालीला जवळजवळ अख्खा लॅप दिला असता, आणि बाई तीच, सहा आठवडेच मध्ये. माझ्या घड्याळाने दिल्लीनंतर तिला काय सांगितलं असतं विचार करा. पदकाच्या शर्यतीत कोण पुढे काढतंय, कोण मागे दबा धरून आहे त्यावर वेळ ठरते, कधी सगळ्या मिळून सुसाट सुटतात कधी एकमेकींकडे बघत पळतात, हे मनगटावरच्या हिरव्या दिव्याला कळत नाही. ते पान मी बंद करून टाकलंय, सेटिंगमध्ये मिळतं, तुम्हीही करा, मन शांत राहतं.

हिरव्या दिव्यावरून हार्ट रेट. चालताना, बसताना ठीक. जोरात पळायला लागलं की पहिली पाच-सात मिनिटं त्याचं काही खरं नसतं. माझा एक गोंधळ असा व्हायचा की आरामात पळत असताना १७२ दाखवायचं, मला वाटलं झालं, हृदयाचं काहीतरी, डॉक्टरकडे जायच्या आधी ग्रुपमधल्या एकीने सांगितलं की अगं ते तुझी पावलं मोजतंय. खरंच, मिनिटाला माझी पावलं १७० च्या आसपास पडतात आणि हाताला बसणाऱ्या त्या हादऱ्यालाच ते ठोके समजत होतं. उपाय म्हणजे मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि घट्ट बांधायचं. आणि बांगड्या त्याच हातात नकोत, बांगडी घड्याळाला ढकलत राहते, खालून उजेड शिरतो आणि आकडा नाचतो. मी डाव्या हातातल्या काढून उजव्यात घातल्या, आईने फोनवर व्हिडिओत बघून विचारलं हे काय, म्हटलं टेक्निकल आहे.

मे मध्ये गावी गेले तेव्हा आजीच्या हातात बांधून बघितलं. आजीच्या मनगटावर गोंदण, तुळस आणि ठिपक्यांची रांग, सगळं हिरवंनिळं. घड्याळ पाच मिनिटं शोधत बसलं आणि शेवटी दोन आडव्या रेघा, ठोके नाहीत. आजी म्हणाली, "मेले का काय मी?" गोंदणाच्या शाईतून तो उजेड नीट परत येत नाही म्हणून असं होतं, टॅटूवाल्यांना पण हाच त्रास होतो, तुमच्या मनगटावर टॅटू असेल तर छातीचा पट्टा घ्या नाहीतर दुसरा हात वापरा. आजीला दंडावर बांधलं तर ७४ आले. ती म्हणाली, "मला ठाऊक हुतं."

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे घेतलं.

ललिताने सुरुवात केली लांब पल्ल्याची. २००५ मध्ये पुण्यात २० वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोनं, मग मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत हॅटट्रिक, ती २०१४ च्या जानेवारीत पूर्ण झाली. आणि तिथून, जिथे बाकीचे म्हणतात की आता जमलंय तर हेच करू, तिथून ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे त्या अडथळ्यांच्या आणि पाण्याच्या खड्ड्याच्या शर्यतीकडे वळली. म्हणजे ४२ किलोमीटरवरून तीनवर. मला हे तेव्हा अजिबात कळलं नव्हतं, मला वाटायचं मॅरेथॉन मोठी, मग छोट्याकडे का. आता घड्याळात तिचे आकडे घालून बघितल्यावर कळतंय. जानेवारी २०१५ ला ती मुंबईत मॅरेथॉन परत पळाली, २:३८:२१, भारतीयांत ओ. पी. जैशाच्या मागे दुसरी. हे पडतं किलोमीटरला ३:४५. माझा आजवरचा सगळ्यात चांगला एक किलोमीटर, एकच, त्यानंतर कट्ट्यावर आडवी, तो ५:०२. आणि स्टीपलचेसमध्ये तिची सगळ्यात चांगली वेळ ९:१९.७६, म्हणजे किलोमीटरला ३:०७ च्या आत, आणि हे अडथळ्यांसकट.

अडथळ्यांबद्दल जरा थांबते, कारण टीव्हीवर ते बारीक दिसतात. बायकांच्या स्टीपलचेसचा अडथळा ७६.२ सेंटिमीटर उंच असतो. मी टेप घेऊन घरात फिरले, आमचं डायनिंग टेबल ७५ आहे. म्हणजे डायनिंग टेबल. आणि हर्डल्सचे असतात तसे हे धक्का लागला की आडवे पडत नाहीत, जाड लाकडी तुळई असते, आपटलं तर आपणच पडायचं. असे २८, आणि शिवाय सात वेळा पाण्याचा खड्डा, ३.६६ मीटर लांब, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जाणारा, म्हणून त्या तुळईवर पाय देऊन जितकं लांब फेकता येईल तितकं स्वतःला फेकतात, जवळ पडलं तर खोल पाण्यात. एकूण ३५ वेळा डायनिंग टेबल, त्यात सात वेळा पलीकडे पाणी, आणि बूट ओले ते शेवटपर्यंत ओलेच. वर मध्ये पंधरावीस जणींची गर्दी, पुढचीच्या पाठीमुळे अडथळा शेवटच्या क्षणी दिसतो. घड्याळात या खेळाचा मोड आहे का बघितलं. पॅडलबोर्डिंग आहे, गोल्फ आहे, "शिकार" पण आहे. स्टीपलचेस नाही. असता तरी जीपीएसने काय दिवे लावले असते, पाण्याच्या खड्ड्यासाठी वाट आत किंवा बाहेर वळते, त्यामुळे त्या शर्यतीचा लॅप ४०० चा नसतोच.

तर सरळ हिशोब, अडथळे सोडून. ९:१९.७६ म्हणजे ५५९.७६ सेकंद, भागिले साडेसात (३००० मध्ये ४०० साडेसात वेळा), ४०० मीटरला ७४.६ सेकंद. शंभर मीटरला १८.६६.

मी आधी शंभर करून बघितले. सरळ रेषेत, वॉर्मअप नीट करून, मुलगा स्टॉपवॉच घेऊन टोकाला. १८.९. दुसऱ्यांदा १८.५! म्हणजे मी सदतिसाव्या वर्षी ललिता बाबरच्या वेगाने शंभर मीटर पळू शकते, हे मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं, भाजीवाल्या मावशींना पण. मग मुलगा म्हणाला आई, आता अजून २९ वेळा, न थांबता, आणि मध्ये टेबलं. कार्टं बापावर गेलंय. ४०० चा पहिला प्रयत्न एप्रिलमध्ये, १:५२. शेवटच्या वळणावर बरगडीत अशी कळ आली की रेषा दोन दोन दिसत होत्या. घड्याळ म्हणालं उत्तम व्यायाम, आता ४१ तास विश्रांती घ्या. त्यानंतर मी घरी जाऊन बारा माणसांचा स्वयंपाक केला, पाहुणे होते, त्याचा त्याने काही हिशोब धरला नाही.

घड्याळात "वर्कआउट बनवा" म्हणून एक सोय आहे, ही मात्र मला मनापासून आवडली. किती अंतर, किती वेळ, किती वेळा, मध्ये किती आराम, सगळं फोनवरून भरून ठेवायचं, मग ते बरोबर वेळेला हातावर थरथरतं. मी ललिताचा लॅप भरायला गेले तर सेकंद पाचच्या पटीतच घेतं. ७४.६ चालत नाही, ७५ घ्या. म्हटलं ०.४ सेकंदाने काय होतंय, आणि नंतर बसून गुणाकार केला. ७५ गुणिले साडेसात, ५६२.५ सेकंद, ९:२२.५. आणि मी पाच मिनिटं गप्प बसून राहिले, कारण ९:२२.७४ ही तिची रिओच्या फायनलची वेळ आहे. एवढा जवळचा आकडा. आणि ९:१९.७६ ही तिथल्याच हीटमधली, म्हणजे फायनलआधीच्या पात्रता फेरीतली. म्हणजे हीट आणि फायनलमधला फरक लॅपमागे ०.४ सेकंद.

रिओ मी सांगितलं पाहिजे. १३ ऑगस्ट २०१६ ला हीट. प्रत्येक हीटमधल्या पहिल्या तिघी थेट फायनलला, ललिता आली चौथी. म्हणजे नंबरावर गेली नाही, वेळेवर गेली, उरलेल्यांमधल्या सगळ्यात जलद ज्या होत्या त्यांच्यात तिची ती ९:१९.७६ बसली. १९८४ ला पी. टी. उषा, त्यानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर फायनलला गेलेली भारतीय. उषाचं ब्राँझ हुकलं ते एक शतांश सेकंदाने, ५५.४१ आणि ५५.४२, हे आमच्या पिढीला शाळेत पाढ्यासारखं पाठ आहे. माझं घड्याळ लॅपची वेळ पूर्ण सेकंदातच दाखवतं बरं का, शतांश बघायचे तर फोनवर अॅप उघडून आत आत जावं लागतं. उषाच्या त्या शर्यतीत या घड्याळाने दोघींना ५५ दाखवलं असतं आणि खाली "छान!" लिहिलं असतं.

फायनल १५ ऑगस्टला, आपल्याकडे संध्याकाळ. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं, पुढच्या खोलीत सासरे, दीर, शेजारचे काका, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन. बहरीनची रूथ जेबेट पुढे निघून गेली, ८:५९.७५, कॅमेरा तिच्यावरच. ललिता मागच्या गटात, मधूनच एखाद्या अडथळ्यावर दिसायची आणि मी ओरडायचे, सासऱ्यांनी पहिल्यांदा माझा आवाज त्या दिवशी ऐकला. दहावी आली. शेजारचे काका म्हणाले दहावी होय, आणि उठून गेले. दहिवडीवरून आण्णांचा फोन आला, ते काहीच बोलले नाहीत, नुसतंच "बघितलंस न्हवं", म्हटलं हो. ललिताचं माणदेशी एक्स्प्रेस हे नाव तेव्हा पेपरात दोन दिवस होतं.

दहावी होय म्हणणाऱ्यांसाठी. तिचे आकडे एका ओळीत ठेवते. सप्टेंबर २०१४, इंचॉन एशियन गेम्स, ब्राँझ, ९:३५.३७, सुधा सिंगचा राष्ट्रीय विक्रम मोडला (सुधाने त्याच्या आधीच्या एशियन गेम्समध्ये याच शर्यतीत सोनं घेतलेलं). जून २०१५, वुहान, एशियन चॅम्पियनशिप, सोनं, ९:३४.१३. ऑगस्ट २०१५, बीजिंग वर्ल्ड चॅम्पियनशिप, हीटमध्ये ९:२७.८६, फायनलमध्ये आठवी. एप्रिल २०१६, दिल्ली, ९:२७.०९. ऑगस्ट २०१६, रिओ, ९:१९.७६. दोन वर्षांच्या आत साडेपंधरा सेकंद. लॅपमागे दोन. त्यातल्या बीजिंग ते दिल्ली या आठ महिन्यांत फक्त पाऊण सेकंद निघाला, आणि दिल्ली ते रिओ या चार महिन्यांत सात. माझ्या अॅपमध्ये प्रगतीचा आलेख असतो, गोड वर चढणारी रेघ. खऱ्या माणसाचा आलेख असा दिसतो, आठ महिने आडवा आणि मग एकदम. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव होते तेव्हा तिच्यामागे, कडक माणूस म्हणून प्रसिद्ध, २०२१ च्या मार्चमध्ये पतियाळाला वारले. त्या आडव्या आठ महिन्यांत त्यांनी तिला "घसरण" असा मेसेज पाठवला नसेल एवढं नक्की.

बाकीचं भराभर सांगते.

बॅटरी. खोक्यावर १४ दिवस लिहिलंय. रोज पाऊण तास जीपीएस वापरलं तर सहा दिवस येते. वाईट नाही.

मराठी. हा माझा सगळ्यात मोठा राग. देवनागरी फॉन्टच नाही! व्हॉट्सअॅपचा मराठी मेसेज आला की नुसते चौकोन. "येताना दूध आण" हे पण चौकोन आणि "आण्णांना अॅडमिट केलंय" हे पण चौकोनच आलं असतं. चिनी, अरबी, थाई भाषा यादीत आहेत. मराठी नाही, हिंदी पण नाही. भारतात ही घड्याळं खोऱ्याने विकतात आणि आपली अक्षरं बसवायला यांना जागा नाही. मेल केला, उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

पट्टा. सिलिकॉनचा, उन्हाळ्यात खाली घामोळं आलं, तिसऱ्या महिन्यात खुंटीपाशी चिरला. वॉरंटीत पट्टा येत नाही म्हणे. खुंटी घड्याळाच्या बॉडीचा भाग आहे आणि बॉडी वॉरंटीत येते असं माझं म्हणणं आहे, यावर पाच मेल झाले, त्यांचं म्हणणं घड्याळ बेंगळुरूला पाठवा, पंधरा दिवस. मी लक्ष्मी रोडच्या गल्लीतून १८० रुपयांचा कापडी पट्टा आणला, तो जास्त चांगला आहे, धुता येतो.

पाऊस. हे नीट वाचा. ऑगस्टअखेर सातारा हिल मॅरेथॉन केली, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वर आणि परत खाली, २१ किलोमीटर. धुकं, रिपरिप पाऊस, ढोल लावलेले, लोक रस्त्यावर उभे राहून लिमलेटच्या गोळ्या देतायत, मजा. वर वळसा घेऊन बघते तर घड्याळ थांबलेलं. पावसाच्या थेंबांनी टच स्क्रीनवर "विराम" दाबला होता. केव्हापासून कुणास ठाऊक. शेवटी १७.८ किलोमीटर भरले. २ तास ४१ मिनिटं पळाले त्याचा पुरावा माझ्या पायांकडे आहे, घड्याळाकडे नाही. नंतर कळलं की सेटिंगमध्ये पळताना टच बंद करायची सोय आहे, ती त्यांनी आधीपासून चालू ठेवलेली नाही. थोडी चूक माझी, मॅन्युअल वाचलं नव्हतं. पण धावायचं म्हणून जे विकता ते पावसात चालेल एवढं तर बघायला हवं ना, पाण्यात पळणारी माणसं असतात जगात. घेणाऱ्यांनी शक्यतो पाच बटणांचं घ्या, टचचं नको. घामेजल्या बोटालाही टच दाद देत नाही.

झोप मोजतं ते मनोरंजन म्हणून बघा. मी सोफ्यावर मालिका बघत होते ती त्याने गाढ झोप धरली, मालिकेचा दोष असू शकेल.

उंची. घाटाची चढाई त्याने ६१० मीटर सांगितली, मैत्रिणीच्या घड्याळाने, ज्यात हवेच्या दाबावरून उंची मोजायचं यंत्र आहे, ४७० च्या आसपास. तिचं अठ्ठावीस हजारांचं. कुठलं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा, मी घरी ६१० सांगितलं.

मग घ्यावं का? नव्याने पळायला लागलेल्या, रस्त्यावर ५-१० किलोमीटर करणाऱ्या बाईला, हो, घ्या, पण ऑफरमध्ये, आणि आल्या आल्या ट्रेनिंग स्टेटस आणि टच दोन्ही बंद करा. ट्रॅकवर सराव करणाऱ्या मुलामुलींना, नको. शाळेतल्या मुलीला अॅथलेटिक्ससाठी घेऊन देणार असाल तर अजिबात नको, त्या पैशात बरे स्पाइक्स आणि दोनशे रुपयांचा स्टॉपवॉच येतो आणि उरलेल्यात वर्षभर अंडी. कविता राऊत सुरुवातीला अनवाणी पळायची हे सांगून मी तुम्हाला लाजवणार नाही, स्पाइक्स घ्याच, तळपायाला खडे लागतात.

५ पैकी ३. अर्धा पट्ट्यासाठी, अर्धा पावसासाठी आणि एक अख्खा त्या चौकोनांसाठी कापला.

ललिताचा ९:१९.७६ सात वर्षं टिकला. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने ९:१५.३१ केलं, मग २०२५ मध्ये गुमीच्या एशियन चॅम्पियनशिपला ९:१२.४६. ललिता तोवर सरकारी नोकरीत, उपजिल्हाधिकारी. ग्रुपवर कुणीतरी म्हणालं आता तुझं टार्गेट बदल, पारुलचं घाल. ९:१२.४६ भागिले साडेसात, ७३.७, पाचच्या पटीत घातलं की ते पण ७५. घड्याळासाठी दोघी सारख्याच, म्हणून मी काही बदललं नाही.

अजूनही मंगळवारी सकाळी तो वर्कआउट लावते. सुटते, आणि १ मिनिट १५ सेकंदांनी हात थरथरतो, म्हणजे ललिता रेषेवर पोचली. तेव्हा मी कुठे आहे ते बघून ठेवते. एप्रिलमध्ये मी पाण्याच्या नळापाशी असायचे, तिथून रेषेपर्यंत अजून अख्खं वळण आणि थोडं सरळ. गेल्या मंगळवारी नळ मागे पडला, झेंड्याच्या कट्ट्याशी थरथरलं, वीसेक पावलं पुढे. लॅप १:४४. मुलगा म्हणाला कट्ट्यावर खडूने खूण करू का, म्हटलं कर. शाळेच्या शिपाईकाकांनी बुधवारी पुसून टाकली.